फळीवरचा नारळ

आमच्या स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर एक नारळ आहे आणि तो फोडायचा नाही, हे घरात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला मला सांगावं लागतं. माझी नणंद एकदा सोलकढी करायला म्हणून तो घेऊन कोयत्यापर्यंत पोचली होती. मी अशी काही किंचाळले की तिच्या हातून कोयता पडला. खरं तर मी किंचाळणाऱ्यांतली बाई नव्हे. गिरगावात वाढले, वडील कारकून, घरात देव होते पण देवाचं बोलणं बेताचं. मांजर आडवं गेलं तर मांजराला घाई असेल, असं समजणाऱ्यांतली मी. अशा मला एका नारळापायी किंचाळायला लावलं ते इंदूआतेने.

इंदूआते म्हणजे इंदुमती गावडे. लालबागच्या आमच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, आमच्या शेजारच्या खोलीत भावाच्या कुटुंबात राहायची. लग्न केलं नाही. परळच्या एका हॉस्पिटलात बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर होती, तिथेच केस पिकले. भावाची मुलं तिला आते म्हणायची म्हणून सगळी चाळच म्हणू लागली. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूने मला तिच्या पाया पडायला नेलं. तिने आशीर्वाद दिला आणि लगेच विचारलं, "गो, गॅस बंद करून इलंस मा?"

तिला कशाची भीती वाटत नव्हती, ते सांगणं सोपं जाईल. लिफ्टची वाटे, कुत्र्यांची वाटे, दुपारी वाजणाऱ्या फोनची वाटे. "दुपारचो फोन चांगलो नसता," म्हणायची, आणि आपला फोन वाजला की शेजाऱ्यांना उचलायला लावायची. मिरची कुटायच्या गिरणीसमोरून जाताना शिंक येईल आणि शिंकताना डोळे मिटले की मागून हातगाडी येईल, म्हणून ती वळसा घालून जायची. जन्म मालवणकडचा, पण समुद्राची भीती. आम्ही चौपाटीवर नेलं की पाण्याकडे पाठ करून भेळ खायची. "दिसलो की भय वाटता." मी एकदा चेष्टेने म्हटलं, "आते, पाठ केल्यावर लाट आली तर कळणार कसं तुम्हाला?" त्यानंतर ती पाण्याकडे तोंड करून बसू लागली आणि भेळ अर्धी टाकू लागली. मला आजही त्या चेष्टेचं वाईट वाटतं.

पण बाकीचे लोक भीती झाकून ठेवतात, तशी ती झाकत नसे. कालवण जास्त झालं की शेजारी वाटी द्यावी तशी ती भीती देऊन टाकायची. गॅलरीत उभी राहून मोठ्याने सांगायची, आज मला कशाचं भय वाटतंय. पोरं हसत. ती म्हणायची, "हसा रे. जो भिता तो दोनदा बगता."

दोनदा बघणं म्हणजे काय, हे मला माझ्या मनूच्या जन्माच्या वेळी कळलं. बाळंतपण सरळ झालं होतं. बाळ रडलं, सगळे हुश्श झाले, कुणी तरी चहाचं बोलत होतं. इंदूआते मात्र माझ्या खाटेशी, माझ्या पोटावर हात ठेवून उभी. घरी मालवणी बोलणारी आते वॉर्डात पुस्तकातल्यासारखं बोलायची. ती शांतपणे म्हणाली, "डॉक्टर, मला भीती वाटते." तरुण डॉक्टर होती. तिने कारण विचारलं नाही, चहा राहू दिला आणि धावत आली. त्या वॉर्डात इंदूआतेच्या त्या वाक्याला घंटेचा मान होता. पुढे काय झालं ते मला नीट आठवत नाही. खूप रक्त गेलं, खूप माणसं आली, आणि एका थंडगार, थरथरत्या हाताने माझा हात शेवटपर्यंत सोडला नाही, एवढंच आठवतं. तिचे हात थरथरायचे. शूर बायकांचे थरथरत नाहीत म्हणतात. मला शूर बाई नको होती, मला हीच हवी होती.

मग ती रिटायर झाली, आणि तिची भीती बेकार झाली. पूर्वी दिवसभर वॉर्डात कामाला जाणारी भीती आता घरात बसून राहू लागली. गॅलरीतल्या कुंड्या पडतील. वरच्या मजल्यावरचं कपाट खाली येईल. बाबलभाऊ, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, घशात काटा अडकून मरेल. भाऊंनी बांगडा खायचा सोडला नाही, पण तिच्या समोर खायचा सोडला.

असं वर्षभर चाललं, आणि एका संध्याकाळी गॅलरीत लसूण सोलता सोलता ती म्हणाली, "मी जातंय. मलावीक."

"ता खंय इला?" भाऊंनी विचारलं.

"आफ्रिकेत."

तिच्या हॉस्पिटलातली एक जुनी डॉक्टर तिथल्या कामाशी जोडलेली होती. निवृत्त सिस्टर हव्या होत्या. खेड्यातल्या दवाखान्यात दोन वर्षं राहायचं, बाळंतपणं करायची, तिथल्या मुलींना शिकवायचं. राहायला घर, जेवण्यापुरता भत्ता, पगार नाही. इंदूआतेने फॉर्म भरला होता, इंजेक्शनं घेतली होती, सगळं परस्पर. आम्हाला सांगायची तेवढी भीती वाटली असावी.

भाऊ उठून उभे राहिले. "गो, तू लिफ्टीत पाय ठेवणस नाय, आणि आफ्रिकेत जातलंस?"

"थय लिफ्ट नाय," आते म्हणाली.

भाऊ चिडले, वहिनी रडल्या. मी रात्रीच्या भाकऱ्या टाकून तिला समजवायला गेले. खरं तर मलाच भीती वाटत होती. हिला रस्ता ओलांडून द्यावा लागतो, ही तिथं एकटी काय करणार? साप, मलेरिया, दंगे, मला जे जे सुचलं ते सगळं मी बोलले. तिने सगळं ऐकलं. नवल म्हणजे माझ्या यादीत तिने स्वतःच्या चार गोष्टी आणखी घातल्या. मग म्हणाली, "सुनिता, भय माका हय पण वाटतला आणि थय पण वाटतला. हय ता फुकट जाता. थय कोणाच्या तरी कामाक येयत."

मी लसूण सोलू लागले.

आता नारळाचं सांगते. कोकणातल्या माणसांची एक श्रद्धा आहे, ती मला लग्नानंतर कळली. प्रत्येक जागेला एक राखणदार असतो. तो दिसत नाही. त्याला जागेवालो म्हणतात. नव्या जागी राहायला गेलं की आधी त्याला नारळ द्यायचा आणि सांगायचं, आम्ही आलोय, आम्हाला सांभाळ. आतेचे वडील गिरणीत लागून या चाळीत आले तेव्हा त्यांनी जिन्याच्या पायथ्याशी नारळ दिला होता. अजून दरवर्षी भाऊ तिथे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं म्हणजे देवाकडे मोठ्याने केलेली तक्रारवजा विनंती. एकाने एकेक संकट नाव घेऊन सांगायचं, ते दूर कर म्हणायचं, आणि बाकीच्यांनी दरवेळी ओरडायचं, "व्हय म्हाराजा!" इंदूआतेचं सगळं बोलणंच मुळी त्या चालीचं होतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

तर तिथल्या जागेवाल्यासाठी नारळ न्यायचा होता. लालबागच्या बाजारात तिने वीसेक नारळ कानाशी धरून हलवले तेव्हा एक पसंत पडला. साडीत गुंडाळून तो तिने बॅगेत ठेवला. आम्ही टॅक्सीने विमानतळावर सोडायला गेलो. ती काचेच्या दाराआड गेली. आम्ही परत फिरणार तोच ती उलट चालत दाराशी आली, चेहरा पांढराफटक, हातात नारळ. बॅगेतून नारळ न्यायला परवानगी नाही, असं आत सांगितलं होतं. दारावरच्या जवानाने बिचाऱ्याने तो माझ्या हातात दिला.

"फोडू नको गो," ती काचेच्या फटीतून म्हणाली. "तेच्या नावाचो आसा तो. दुसऱ्या कोणाक चलाचो नाय."

"आते, तिथं घ्या की दुसरा."

"थय समुद्र नाय, माड खंयसून येतले?"

समुद्र नाही म्हणूनच तिने तो देश पसंत केला, असा मला अजून संशय आहे. तिथं समुद्राएवढं तळं आहे, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. ती वळली आणि गेली. नारळाशिवाय, म्हणजे तिच्या हिशेबात पासपोर्टाशिवाय. मी घरी येऊन तो फळीवर ठेवला.

तिचा फोन आमच्या संध्याकाळी यायचा, तेव्हा तिथं दुपार असे. तिची भीती तिथं भलतीच भरभराटली होती. विटांचं घर, पत्र्याचं छप्पर. पत्र्यावर रात्री काही तरी चालतं. नदीत मगरी आणि पाणघोडे. बाजाराला सायकलवर मागे बसून जावं लागतं. भाड्याची सायकल, साडी नेसून, एका अंगाला पाय सोडून. पहिल्या खेपेला तिने सायकलवाल्याच्या पाठीवर डोकं टेकून डोळे मिटले ते बाजार आल्यावर उघडले. बायका तिला आगोगो म्हणत, म्हणजे आजी. त्यांनी तिला एक रंगीत कापड दिलं होतं, ते ती साडीवरून कमरेला बांधायची. आणि एक दिवस फोनवर जवळजवळ ओरडलीच, "सुनिता, हय सुकट गावता गो!" तळ्यातले बोटभर मासे तिथं बांबूच्या मांडवावर वाळवतात. तिने नेलेली आमसुलं टाकून त्याचं कालवण केलं आणि दवाखान्यात सगळ्यांना वाढलं. त्या दिवशी तिने एकाही भीतीचं नाव काढलं नाही. मी मुद्दाम मोजत होते.

दवाखान्याला लागून एक खोलगट आवार होतं. लांबच्या गावच्या गरोदर बायका दिवस भरत आले की तिथं येऊन राहत, सोबत आई नाही तर सासू. चुली मांडत, वाट बघत. इंदूआतेने तिथं एक नवीनच प्रकार सुरू केला. रोज सकाळी सगळ्यांना बसवायची आणि प्रत्येकीने, आज कशाची भीती वाटते ते मोठ्याने सांगायचं. बाकीच्यांनी त्यांच्या भाषेत होकार द्यायचा. कुणी म्हणे माझी बहीण यातच गेली, कुणी म्हणे रात्रीपासून बाळ हललं नाही. जे ऐकून इंदूआतेला भीती वाटे त्या बाईला ती लगेच खाटेवर घेई. म्हणजे हे गाऱ्हाणंच होतं. फक्त देवाच्या जागी ही बसली होती, पांढरी साडी नेसून, सगळ्यांत जास्त घाबरलेली.

पण दर फोनच्या शेवटी तिचं एकच. "नारळ आसा मा? वाजता मा?" मग मला उठून, फळीवरचा नारळ काढून, कानाशी हलवून सांगावं लागे की वाजतो, पाणी आहे. नारळ वाजतोय तोवर जागेवाला रागावला नाही, असं तिने आपलं ठरवून टाकलं होतं. मी हसून हलवायची. हळूहळू हसायची थांबले. मग अशी सवय लागली की तिचा फोन नसला तरी सकाळी चहा ठेवताना मी तो हलवून बघे. नवरा म्हणाला, "तू पण लागलीस नादाला." मी म्हटलं, "पाणी किती उरलंय ते बघतेय." खोटं बोलले. मी इंदूआते जिवंत आहे का ते बघत होते.

पुढच्या वर्षी, इथे होळीच्या सुमाराला, तिथं पाऊस थांबेना. एका संध्याकाळी फोन आला. आवाज तुटत होता.

"सुनिता, पाणी रस्त्यार इला. पूल गेलो. माका भय वाटता गो."

"आते, तुम्ही उंचावर जा. सगळं सोडा आणि जा."

"बायका आसत हय. दोघींचे दिवस भरले. एकीक कळा..."

फोन बंद पडला. परत लावला तर लागेना. दुसऱ्या दिवशी लागला नाही, तिसऱ्या दिवशी नाही. संस्थेच्या माणसांना विचारलं तर तेही म्हणाले, त्या भागाशी संपर्क तुटलाय, प्रयत्न चालू आहेत. टीव्हीवर आमच्याकडच्या बातम्यांत तो देश नव्हता. मोबाईलवर एक चित्र सापडलं, झाडांचे फक्त शेंडे वर असलेलं चपटं, मातकट पाणी. मी ते मोठं करून करून बघे, कुठे पांढरी साडी दिसते का. ऑफिसात मी आकडे चुकवू लागले. आयुष्यात मी इतकी घाबरले नव्हते, मनूच्या वेळीसुद्धा नाही. तेव्हा हात धरायला ती होती.

आणि त्याच आठवड्यात, एका सकाळी चहाचं आधण ठेवून मी नारळ हलवला तर आवाज आला नाही.

परत हलवला. दुसऱ्या कानाशी धरला. काही नाही. हातात नुसतं वजन. मला ठाऊक आहे, जुन्या नारळातलं पाणी आटतं. नऊ-दहा महिने झाले होते, आटणारच. हे सगळं मी स्वतःला सांगितलं, आणि तरी मी ओट्याला धरून खाली बसले. आधण उतू गेलं, आच विझली. गॅसचा वास आला तेव्हा भान आलं. गॅस बंद करताना जे रडू आलं ते आवरेना.

बाबलभाऊंना ते सांगायला नको होतं, पण मी सांगितलं. त्या संध्याकाळी त्यांनी सगळ्या चाळीला गॅलरीत बोलावलं. भाऊ गाऱ्हाण्याला उभे राहिले, हात जोडले, आणि अडले. गाऱ्हाणं घालताना आधी त्या जागेच्या देवाला नाव घेऊन हाक मारायची असते. गावच्या देवाची हद्द गावच्या वेशीपर्यंत. चाळीच्या राखणदाराची जिन्यापर्यंत. तिथं कोण आहे? त्याचं नाव काय? तळमजल्यावरचे एक आजोबा म्हणाले, "तेचो नारळच दिलेलो नाय. तो तुमच्या सुनिताच्या फळयेर आसा." सगळे माझ्याकडे बघू लागले. कुणी तरी म्हणालं, मग तो इथंच फोडा, त्याच्या नावाने. भाऊंनी मान हलवली. "दुसऱ्याचो नारळ हय फोडूक नाय. तो आडकून ऱ्हवांदे. आडकललो आसा म्हणानच तो ऐकात."

मग त्यांनी घसा खाकरला.

"बा देवा म्हाराजा! थय जो कोण राखणदार आसात, तुजा नाव आमका माहीत नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुजो नारळ आमच्याकडे आसा. आमची चूक नाय, विमानवाल्यांनी आडवल्यानी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आमचा चेडू तुज्या पायाशी आसा. ता भिता. ता पाण्याक भिता, काळोखाक भिता, सगळ्याक भिता. तेका संबाळ, म्हाराजा!"

साठीच्या बहिणीला चेडू, म्हणजे लहान पोर, म्हणताना भाऊंचा आवाज फाटला. चाळीतल्या कॉलेजच्या पोरांनीही हसायचं सोडून ओरडून साथ दिली. मी, गिरगावातल्या कारकुनाची मुलगी, सगळ्यांत मोठ्याने ओरडले असेन. दुसऱ्या दिवशी माझा घसा बसला होता.

फोन त्यानंतरही लगेच आला नाही. मी भाबडी झाले तरी एवढी नाही. बरेच दिवस गेले. मग एका दुपारी, ऑफिसात, अनोळखी नंबर वाजला. दुपारचा फोन चांगला नसतो. माझ्याने उचलवेना. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना मी म्हटलं, "तुम्ही उचला हो." त्यांनी ऐकलं आणि गोंधळून फोन माझ्यापुढे धरला. "कुणी तरी नारळाबद्दल विचारतंय."

काय झालं ते तिने नंतर तुकड्यातुकड्याने सांगितलं. पाणी रस्त्यावर आलं तेव्हा तिथले लोक निवांत होते. दरवर्षीच येतं, उतरतं. इंदूआते एकटी घाबरली. दोनदा जाऊन बघून आली आणि म्हणाली, सगळ्या बायकांनी वर टेकडीवरच्या शाळेत चला, आत्ता. लोक हसले. आगोगो नेहमीच घाबरते. पण बायका तिच्या रोजच्या गाऱ्हाण्यात बसलेल्या. त्यांना तिच्या भीतीची किंमत ठाऊक होती. त्यांनी चुली विझवल्या, भांडी डोक्यावर घेतली आणि कळा देणारीला खुर्चीत घालून वर नेलं. अंधार व्हायच्या आत खालचं आवार पाण्याखाली गेलं. शाळेच्या बाकांवर तिने दोन बाळंतपणं केली.

त्यांतल्या एकीची सासू म्हातारी होती. शाळेमागे एक जुनं झाड आहे, तिथं आमचा राखणदार राहतो, तो नारळ मागत नाही, असं तिने आतेला सांगितलं. मुळाशी चिमूटभर मक्याचं पीठ ठेवलं की त्याला चालतं. आते पावसात गेली, पीठ ठेवलं आणि माफी मागितली. कुठल्या भाषेत? मी विचारलं. "मालवणीत. तेका कळता. तो जागेवालो, तेका काय शाळेत जावक व्हया?"

मी विचारलं, "म्हणजे सगळ्या वाचल्या?"

"एक ऱ्हवली गो," मग ती म्हणाली. लहान वयाची, पहिलटकरीण. शाळेपर्यंत आली होती. घरी शेळ्या बांधलेल्या आहेत, सोडून येते म्हणाली आणि उतरली. इंदूआतेने नको म्हटलं, ती हसली आणि गेली. ती परत आली नाही. "तेका भिववक मी कमी पडलंय, सुनिता. सगळ्यांका भिवयलंय, त्या एकट्या चेडवाक नाय."

आमच्यासाठी ती सगळ्यांना वाचवणारी बाई होती. तिच्यासाठी ती एका मुलीपुढे अपुरी पडलेली बाई होती, आणि ते तिच्या मनातून कुणीही काढू शकलं नाही.

दोन वर्षं संपवून ती आली तेव्हा मलेरियाने वाळली होती. पदर खांद्यावर ठरत नव्हता. मी फळीवरचा नारळ तिच्या हातात दिला. तिने हलवला. आतलं खोबरं सुटून त्याचा गोटा झाला होता, खडखड वाजला. ती हसली. "तेका पीठ पावला. आता हो सगळ्यांचो." भाऊंनी तो जिन्याच्या पायथ्याशी फोडला आणि खोबऱ्याचे तुकडे गुळाबरोबर सगळ्या चाळीला वाटले. दोन वर्षं मला रडवणारा नारळ चवीला खवट होता. मी दोन तुकडे खाल्ले.

आम्हाला वाटलं, झालं, संपलं. ती पुन्हा लिफ्टला घाबरू लागली, गॅस बघायला जिन्यावरून परत येऊ लागली. मला इतकं बरं वाटायचं तिला परत येताना बघून. आणि मग पुन्हा एका संध्याकाळी तिने लसूण सोलायला घेतला. मी तिच्या हातातली लसणीची परडी बघितली आणि मला कळलं.

"आते, नको," मी म्हटलं.

"थय नवीन पोरी येतत, बाळंतपणाक," ती म्हणाली. "तेंका कोण भिववतला?"

या खेपेला भाऊ आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. वहिनींनी सुक्या जवळ्याची चटणी केली. डॉक्टरांनी तब्येत तपासून होकार दिला होता, तेवढाच काय तो आधार. साठी उलटलेली, एकदा मलेरियाने खाल्लेली बाई. परत येईल का, हे चाळीत कुणी उच्चारत नव्हतं आणि सगळे तेच मनात धरून होते.

जायच्या आदल्या दिवशी ती मला बाजारात घेऊन गेली. पुन्हा नारळ कानाशी धरून धरून बघितले. मी म्हटलं, "अहो, नेता येत नाही ना? आणि त्याला पीठ चालतं म्हणालात."

"हो तेचो नाय. हो तुजो." तिने निवडलेला माझ्या पिशवीत टाकला. "भियाक हातात कायतरी व्हया गो. नायतर माणूस नुसता बसान भिता."

तोच हा नारळ, फळीवरचा. तिचे फोन येतात, कधी दोन आठवड्यांत एकदा, कधी तीन. तिथं परत पावसाचे दिवस आलेत. या वेळी तिने टेकडीच्या वरच्या अंगाला बायकांच्या राहण्याची जागा करून घेतलीय म्हणे. मी रोज सकाळी हलवून बघते. अजून वाजतो, पण पाणी कमी होत चाललंय. मी घाबरते, आणि घाबरते म्हणून गॅस दोनदा बघते, मनूला दोनदा फोन करते, शेजारच्या पहिलटकरणीला दोनदा विचारते, बाळ हललं का. परवा तिला मीच हॉस्पिटलात नेलं. काही नव्हतं. तिची सासू म्हणाली, उगाच घाबरवलंत. मी म्हटलं, बरं झालं.

तिला शेवटचं बघितलं ते विमानतळावर. काचेच्या दारातून ती आत गेली, बॅग ओढत, अंग चोरत, सरकत्या दाराला घाबरून आधी एका बाईला जाऊ देत. मग थांबली. वाटलं, परत येते की काय, आणि देवाशपथ मला तसंच व्हायला हवं होतं. ती वळली. हात हलवला नाही. मूठ वळून कानाशी नेली आणि हलवून दाखवली, आणि भुवया उंच करून माझ्याकडे बघत राहिली. मी गर्दीत उभी होते, लोक बघत होते. मी पिशवीतून नारळ काढला, कानाशी धरला, हलवला. गोंगाटात काही ऐकू आलं नाही, पण हाताला आतलं पाणी डचमळलेलं कळलं. मी मान डोलावली. तिने दुसऱ्यांदा मूठ हलवली, परत एकदा बघ म्हणून. मी परत एकदा बघितलं. मग ती गेली.